व्यालेल्या गाई-म्हशींचा गर्भाशयदाह : ओळख व खबरदारी

चिंचपोकळीजवळच परळ येथे १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी मुंबईच्या दाट वस्तीत म्हशींचे तबेले होते, व १९४९ साली आरे वसाहत निघेपर्यंत शहराच्या दुधाची बरीच भिस्त त्यांवरच होती. तेथील पुष्कळ मालक आटलेली म्हैस विकून नवी व्यालेली म्हैस आणीत. शेतकऱ्यास हा मार्ग परवडणारा नाही. जनावराचे पुढील वेत हेच त्याचे भांडवल होय आणि ते गर्भाशयाच्या आरोग्यावर अवलंबून असते.

विण्याच्या वेळी गर्भाशयाचे मुख उघडे असते. अस्वच्छ गोठा, मळके हात किंवा अडकलेली वार यांमुळे रोगजंतू आत शिरतात. व्याल्यानंतर दोन-तीन आठवडे तांबूस, दुर्गंधी नसलेला स्राव जातो. तो स्वाभाविक आहे. मात्र स्रावास घाण वास येत असेल, त्यात पू दिसत असेल, जनावरास ताप असून वैरण व दूध कमी झाले असेल, तर गर्भाशयदाह झाला असे समजावे. कित्येकदा जनावर निरोगी दिसते, पण वारंवार उलटते. माजाचा स्राव काचेसारखा स्वच्छ असावा. तो गढूळ असल्यास उपचारापूर्वी रेतन करू नये.

वार बहुधा बारा तासांच्या आत पडते. न पडल्यास ती ओढू नये, तिला दगड वा वीट बांधू नये. त्याने गर्भाशयास इजा होते व तुकडे आत राहून कुजतात. पशुवैद्यकास बोलवावे, औषध मनाने देऊ नये.

गाभणपणाच्या अखेरच्या महिन्यांत जनावर गाभडल्यास ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, या रोगाचा संशय घ्यावा. हा रोग माणसासही होतो; ताप वरचेवर येतो व सांधे दुखतात. वार उचलणे व गोठा झाडणे ही कामे बहुधा घरातील स्त्रियाच करतात, म्हणून धोकाही त्यांनाच अधिक. वार व गाभडलेले वासरू उघड्या हातांनी हाताळू नये; रबरी हातमोजे घालावेत आणि ते चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावे. दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना प्रतिबंधक लस एकदा टोचून घ्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी गोठ्यावर गेल्यावर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : वार केव्हा पडली? स्राव कसा आहे? जनावर किती वेळा उलटले? एक माज वाया गेला की सुमारे एकवीस दिवस जातात व तेवढे पुढील वेत लांबते. वेळीच विचारलेला प्रश्न ही हानी टाळू शकतो.