अंगणातलं गॅरेज (भाग सहावा) : जिप्सीचे पाटे

मागच्या आठवड्यात जिप्सी घोड्यांवर चढवून चाकं आणि जुने शॉकअप उतरवले होते. आता पाटे. 1985 साली बाजारात आलेली ही गाडी शेवटपर्यंत पुढे-मागे पाट्यांवरच चालली, कॉइल स्प्रिंग तिच्या वाट्याला आली नाही. घरी काम करणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं. आवळून धरलेली कॉइल निसटून अंगावर येण्याची धास्ती इथे नाही. भार निघाला की पाटा म्हणजे नुसतं जड लोखंड.

घोड्या चेसिसखालीच हव्यात. अ‍ॅक्सल स्वतंत्र जॅकवर तोलून धरायचा, कारण तो सारखा वर-खाली करावा लागतो. आणि एका वेळी एकच बाजू सोडायची. दुसऱ्या बाजूचा पाटा जागेवर असला की अ‍ॅक्सल फार भरकटत नाही.

यू-बोल्ट सहसा त्रास देत नाहीत. जीव खातात ते पाट्याच्या टोकांचे बोल्ट. चिखलपाण्याने बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटतो. नट सुटतो, बोल्ट मात्र रबरासकट पिळतो आणि पुन्हा मागे येतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. ठोकताना नट बोल्टच्या टोकापर्यंत फिरवून ठेवा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. तरीही हलला नाही तर सरळ कापून नवा टाकावा. ब्रेकचे पाइप आणि पेट्रोलची टाकी जवळ असताना गॅसची ज्योत लावण्याचं धाडस घरी करू नये.

नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय ना, हे बोटाने चाचपून पाहा. अ‍ॅक्सलची जागा तेच ठरवतं. यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. चारही नट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळत न्या.

यानंतर जी चूक होते, ती भल्याभल्या गॅरेजातही सर्रास दिसते. गाडी अधांतरी असतानाच शॅकलचे आणि दुसऱ्या टोकाचे बोल्ट कचकचून आवळले जातात. बोल्ट आवळला की बुशच्या आतली नळी दोन्ही बाजूंनी घट्ट धरली जाते आणि ती फिरत नाही. त्यापुढे पाटा हलतो तो केवळ रबर पिळून. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना नळी आवळली, तर रबराच्या लेखी तीच विश्रांतीची स्थिती ठरते. मग गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही तसंच राहतं. गाडी थोडी उंच दिसते, मालक खूश होतो. पुढे रबर फाटतं, गाडी बसते आणि दोष पाटे बनवणाऱ्याला मिळतो.

म्हणून हे बोल्ट आधी हातानेच, नट टेकेपर्यंत फिरवायचे. चाकं लावून गाडी खाली घ्यायची, बंपरवर उभं राहून चार-सहा वेळा दाबायची आणि मग गाडीखाली सरपटत जाऊन टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापाला आवळायचे. पाठीला त्रास होतो, पण दुसरा रस्ता नाही. पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये नळी फिरू शकते, त्यामुळे तिथे हा प्रश्न सौम्य. तिला सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या रबराला मात्र नेहमीचं पिवळं ग्रीस फासू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

स्वस्तात उंची म्हणून लांब शॅकलचा मोह अनेकांना होतो. हिशेब सरळ आहे: शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एक इंच उठते. पण जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ते टोक खाली गेलं की अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येईनासं होतं, गाडी वेगात भरकटते. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण त्याच पाचरीने डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि शाफ्टचा कोन वाढतो. माझं मत विचाराल तर पुढे लांब शॅकल लावूच नये. उंची हवी तर पाट्यातच घ्यावी.

शेवटी गाडीचं एक चाक उंचवट्यावर चढवून तपासा. लोंबणाऱ्या बाजूला ब्रेकचा होज ताणतो का? दबलेल्या बाजूला बंप स्टॉप टेकण्याआधीच शॉकअप तळाला जातो का? दोन्हीपैकी एक जरी ‘हो’ असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

जुने पाटे भंगारात घालू नका. गाडीतल्या फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे, आणि पंधरा वर्षं झालेली जिप्सी पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत न्यायची तर ते लागू शकतात.

पुढच्या आठवड्यात : प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि स्पेसर.