नुसतंच ‘टक्’

पावसाळा सरला की तारकर्लीच्या किनाऱ्यावर जुन्या जेट स्की बाहेर निघतात. बटण दाबलं की नुसतंच ‘टक्’! खापर बॅटरीवर फुटतं. मल्टिमीटर लावा, पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. खरी परीक्षा मात्र बटण दाबून धरल्यावर. आकडा 9.5 च्या खाली कोसळला, तर बॅटरी बहुधा थकलेली. जागचा हललाच नाही, तर वीज वाटेत अडलीय: स्टार्टरच्या रिलेत, नाहीतर इंजिनाला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीत. माझा पहिला संशय वायरीवरच. खाऱ्या हवेनं तांब्यावर हिरवट थर चढतो. बारीक दिवा त्यातूनही पेटतो, स्टार्टरला लागणारा जबर प्रवाह मात्र जात नाही. ‘टक्’सुद्धा नाही? मग चालकाच्या मनगटाला बांधायच्या सुरक्षा-दोरीची क्लिप स्विचला लावलीय का, ते आधी बघा. हसू नका, भलेभले विसरतात.