घरची जुनी पिकअप गाडी व जाम झालेलें एंजिन

आपल्या बीड जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं जावें. एखाद्या गोठ्याच्या आडोशास, चाकांतील हवा गेलेली व कडब्याच्या पेंढ्यांखालीं अर्धी बुडालेली जुनी पिकअप गाडी हटकून दृष्टीस पडते. मालकास विचारावें तर तो म्हणतो, "एंजिन जाम झालें." एवढ्या तीन शब्दांत त्या गाडीचा निकाल लागलेला असतो. पुढें भंगारवाला येतो, लोखंडाच्या भावानें तिचें मोल करतो, आणि जिनें वीस वर्षें घरचा कापूस बाजारांत नेला ती गाडी तुकड्यातुकड्यांनीं निघून जाते. हा निकाल पुष्कळदां चौकशीवांचून लागलेला असतो, असें अनुभवास आल्यामुळें हा लेख लिहीत आहें. माझें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. यंत्रविद्या मी शिकलेलों नाहीं. परंतु पंचनाम्यापूर्वीं निकाल देऊं नये, एवढी एक गोष्ट त्या नोकरीनें मला पक्की शिकविली होती. आणि घरच्या गाडीच्या बाबतींत नेमकी तीच मी विसरलों.

ही गाडी माझ्या वडील बंधूंनीं घेतलेली. गेवराई तालुक्यांतील आमच्या शेतावरून कापूस, कांदा व सरकीची पोतीं तिनें वाहिलीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत तर पाण्याचीं पिंपें व जनावरांचा चारा तिच्यावरच येत असे; त्या वर्षीं गोठ्यांतलीं चार जनावरें राहिलीं तीं तिच्यामुळें. २०१५ सालीं बंधु वारले आणि गाडी छपराखालीं उभी राहिली ती सात वर्षें. २०२२ सालीं पुतण्यानें ती चालू करण्याचें मनांत घेतलें. नवी बॅटरी जोडली. स्टार्टरनें 'टक्‌' असा एकच आवाज केला. एंजिन तसूभरहि फिरेना.

त्या वेळीं मींच त्यास सांगितलें, "ट्रॅक्टरला दोर बांध आणि गाडी गिअरमध्यें टाकून ओढ." दहा पावलांवर मागचीं चाकें फरफटलीं, मग आंतून धाडकन आवाज झाला आणि एंजिन फिरूं लागलें. आम्हांस आनंद झाला. परंतु तें चालू होईना आणि आंत खडखड ऐकूं येऊं लागली. दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आले. एंजिन उघडून पाहिल्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, गाडी नुसती जाम झाली होती, मोडली ती काल." हें बोलणें खरें कसें, तें समजण्यास एंजिनाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

आपल्याकडील जुन्या पिकअप गाड्यांचा वंश बहुतेक जीपचा आहे. १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद या नांवानें निघालेल्या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीज जीपच्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली, व १९४८ सालीं तिचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. १९७९ सालीं या कंपनीनें फ्रान्समधील प्यूजो कंपनीकडून डिझेल एंजिन बनविण्याचा परवाना घेतला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, पाण्यानें थंड होणारें असें तें एंजिन त्या काळच्या कित्येक गाड्यांत बसविलेलें असे. तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री ज्याचें अंतरंग जाणतो असें हें साधें यंत्र आहे. म्हणूनच तें दुरुस्त होण्याची आशा धरतां येते.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा पिस्टननें सुमारे वीस पट दाबली कीं ती इतकी तापते, कीं तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. एवढा दाब राहण्यासाठीं पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीस अगदीं घट्ट चिकटून चालाव्या लागतात. मध्यें तेलाचा केसाहून पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली कीं हा थर उतरून जातो, दमट हवा आंत शिरते, आणि ओतीव लोखंडाच्या रिंगा व भिंत गंजानें एकमेकींस धरून बसतात. हा गंज बहुधा वरवरचा असतो. जात्यांत खडा अडकला म्हणून जातें फुटलें असें आपण म्हणत नाहीं. तसेंच हें होय.

एंजिन जाम होण्याचीं कारणें मुख्यत्वें चार आहेत.

पहिलें, उभ्या गाडीस धरलेला गंज. यांत आशा सर्वांत अधिक.

दुसरें, सिलिंडरांत शिरलेलें पाणी. हेडखालचें गॅस्केट कुजलें म्हणजे रेडिएटरमधील पाणी आंत झिरपतें. ट्रॅक्टरचा धुराडा उभा असल्यामुळें पावसाचें पाणी थेट आंत जातें. म्हणून जाणते शेतकरी त्यावर डबडें पालथें घालतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. अशा स्थितींत एंजिन जोरानें फिरविलें तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. आमच्या गाडीच्या चौथ्या सिलिंडरांत हेंच झालें.

तिसरें, चालतां चालतां झालेला जाम. तेल संपलें किंवा पाणी उकळून गेलें, तर पिस्टन तापून फुगतो व भिंतीस घासून बसतो. कधीं क्रँकच्या बेअरिंगा वितळून चिकटतात. येथें एंजिन उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

चवथें, एंजिनाबाहेरील अडथळा. स्टार्टरचें दांतेरी चाक फ्लायव्हीलमध्यें अडकणें, किंवा फॅनबेल्टवरील पाण्याचा पंप वा डायनमो गंजून बसणें, यानेंहि एंजिन जाम झाल्यासारखें वाटतें. स्टार्टर उतरवून व बेल्ट काढून पाहिलें कीं अर्ध्या तासांत उलगडा होतो.

तेव्हां गाडी कशी उभी राहिली, हा पहिला प्रश्न. चांगली चालत येऊन उभी केली, कीं वाटेंत बंद पडली म्हणून ओढून आणली? घरांतील जुन्या माणसांस व त्या वेळच्या ड्रायव्हरास विचारून हें आधीं ठरवावें. नंतर पुढील क्रमानें चालावें.

(१) बॅटरी सोडून ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्यें घालून चाकांस दगड लावावेत.

(२) तेलाची पट्टी काढून पहावी. तेल दुधाळ दिसल्यास आंत पाणी आहे. मग खालचें बूच हळूहळू ढिलें करावें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें आधीं तेंच गळतें. गळलेल्या तेलांत धातूचा चकाकणारा चुरा असेल तर बेअरिंगा गेल्या असें समजून थेट एंजिन उघडण्याच्या मार्गास लागावें.

(३) चारहि नॉझल व हीटर प्लग काढावेत. यायोगें आंतील पाण्यास बाहेर पडण्यास वाट मिळते. एवढें एक काम आम्हीं आधीं केलें असतें तर रॉड वांकता ना.

(४) आंत पाणी आढळल्यास तें शोषून काढावें. मग प्रत्येक सिलिंडरांत चहाचा अर्धा पेला भरेल इतकें डिझेल व पातळ एंजिन-तेल समभाग मिसळून सोडावें, व छिद्रांवर स्वच्छ फडकें झांकावें. दर दोन दिवसांनीं पहावें. मिश्रण उतरलें असल्यास पुन्हां घालावें. आठ ते पंधरा दिवस हेंच करावें. जवळ विडी-काडी नेऊं नये.

(५) त्यानंतर क्रँकच्या पुढील नटास लांब दांड्याचा पाना लावून हातानें जोर द्यावा. एकदां फिरण्याच्या दिशेस, एकदां किंचित् उलट. सुईच्या टोंकाइतकें हललें तरी काम झालें असें समजावें व त्या दिवशीं थांबावें. दुसऱ्या दिवशीं थोडें अधिक हलतें. नळी घालून पाना लांबवूं नये. नट तुटल्यास नवें संकट उभें राहतें.

(६) वरचें झांकण काढून व्हॉल्व्ह उघडतात व मिटतात कीं नाहीं, तें पहावें. अडकून राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळल्यास दोन्ही जातात.

(७) पूर्ण फेरा मोकळा झाला म्हणजे नॉझल बाहेर ठेवूनच स्टार्टरनें क्षणभर फिरवावें. सांचलेलें तेल व गाळ बाहेर उडतो, म्हणून समोर तोंड धरूं नये. ही सफाई अत्यवश्य आहे. वर राहिलेलें तेल डिझेलसारखें पेटून एंजिन बेफाम धावूं शकतें. पहिल्यानें चालू करतांना हवेच्या वाटेवर दाबून धरण्यास एक फळी हाताशीं असावी. हवा तुटली कीं एंजिन थांबतें.

(८) तेल व तेलाचा फिल्टर नवा, टाकींतील जुनें डिझेल काढून टाकी धुतलेली, डिझेलचे फिल्टर नवे, नळ्यांतील हवा काढलेली, रेडिएटरमध्यें कूलंट घातलेलें, इतकें झाल्यावरच एंजिन चालू करावें. विहिरीचें क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्यें घालण्याची आपली संवयच गॅस्केटाच्या मुळावर येते.

पंधरा दिवसांनींहि कांहीं हललें नाहीं, तर हेड उतरवावें. तरी लोखंडी घणानें पिस्टनवर ठोकूं नये. लांकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानें ठोकावें. भिंतीवर बोटाच्या नखास लागतील अशा खांचा असतील तर लेथवाल्याकडे बोअर करण्यावांचून उपाय नाहीं. क्रँक घांसावा लागल्यास तो ०·२५, ०·५० अशा मिलिमीटरच्या ठराविक मापांनीं घांसतात व त्या मापाच्या बेअरिंगा मिळतात.

आमच्या गाडीचे तीन सिलिंडर पातळ गंज पुसतांच स्वच्छ निघाले. चौथ्याचा रॉड व पिस्टन मात्र नवा घालावा लागला, हेड लेथवर सपाट करावें लागलें, आणि खर्चाचा मोठा भाग त्या एका धडाक्याचा झाला. पुढील वर्षीं आमच्या विहिरीवरील जुनें एक सिलिंडरचें ऑइल एंजिन अशाच रीतीनें अडकलेलें होतें. विजेची मोटर आल्यापासून त्याकडे कोणी पाहिलें नव्हतें. या खेपेस मिश्रण घालून आम्ही स्वस्थ बसलों. नवव्या दिवशीं फ्लायव्हील हाताच्या जोरानें हललें. खर्च आला तो तेलाचा, फिल्टरचा व एका गॅस्केटाचा.

आतां कागदपत्रांविषयीं, कारण एंजिन चालू झालें म्हणजे गाडी रस्त्यावर आणतां येते असें नव्हे. बंधु वारल्यावर सात-बाऱ्यावर वारसांचीं नांवें मीं मुदतींत लावून घेतलीं. गाडीच्या पुस्तकाकडे मात्र घरांतील कोणी पाहिलें नाहीं. केंद्रीय मोटर वाहन नियमांप्रमाणें मालकाच्या मृत्यूची खबर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावी लागते, व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ मध्यें गाडी वारसाच्या नांवें करण्याचा अर्ज करावा लागतो. बीड येथील कार्यालयाचा क्रमांक एम. एच. २३ व अंबाजोगाईचा एम. एच. ४४ आहे, आपली गाडी कोठली तें पाहून तेथें जावें. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी असल्यास तिचें योग्यता प्रमाणपत्र दर वर्षीं घ्यावें लागतें. विमा, कराची थकबाकी व धुराचें प्रमाणपत्र हीं निराळींच. ही सर्व चौकशी पाना हातीं धरण्यापूर्वीं करावी. नाहीं तर दुरुस्त झालेली गाडी शेताच्या बांधाबाहेर जाऊं शकत नाहीं.

खर्चाचा हिशेबहि आधींच मांडावा. प्रथम चासीच्या खालीं निजून, टोंकदार हत्यारानें टोंचून लोखंड कितपत शिल्लक आहे तें पहावें. चासी कुजली असल्यास एंजिनावर पैसा घालणें व्यर्थ. नंतर मिस्त्रीकडून तीन अंदाज लेखी घ्यावेत : नुसतें मोकळें झाल्यास किती, हेड उतरवावें लागल्यास किती, आणि क्रँक व बोअरपर्यंत गेल्यास किती. तिसरा आंकडा चालू स्थितींतील तशाच गाडीच्या किंमतीहून अधिक होत असेल, तर मायेपोटीं कर्ज काढूं नये. गाडी मोडींत काढणेंच ठरल्यास ती नोंदणीकृत केंद्रांत द्यावी, त्याचें प्रमाणपत्र घ्यावें, व नोंदणी रद्द करून घ्यावी. गाडी कायमची निकामी झाल्याचें १४ दिवसांत कळविण्याची जबाबदारी कायद्यानें मालकावर आहे. नंबर-पाटी व पुस्तक तसेंच भंगारवाल्याच्या हातीं दिल्यास पुढें त्या नंबराचा जो उपयोग होईल त्याचा जबाब आपल्यास द्यावा लागेल.

गाडी आतां पुतण्याच्या नांवावर आहे. गेल्या हंगामांत कापूस तिनेंच नेला. वांकलेला तो रॉड मीं टाकूं दिला नाहीं. तो ओसरीवर खुंटीस टांगलेला आहे. शेजारचा कोणी "आमचें एंजिन जाम झालें, जरा ट्रॅक्टर द्या" म्हणून आला, कीं पुतण्या आधीं तो रॉड त्याच्या हातीं देतो आणि मग विचारतो, "गाडी उभी कशी राहिली होती?"