फडावर मुक्कामी जाणाऱ्या ट्रॅक्टरला बॅटरी कोणती घ्यावी?



दसरा-दिवाळी उरकली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. त्यांच्याबरोबर आपले ट्रॅक्टरही चार-चार, पाच-पाच महिने घर सोडतात. दिवसा फडातून कारखान्यापर्यंत ओढ, आणि रात्री मुक्काम कोप्यांपाशी. मग त्याच ट्रॅक्टरवरून कोपीत दिवा लागतो, मोबाईल चार्ज होतात, पहाटे मोळ्या भरताना फोकस लागतो.

अशा ट्रॅक्टरची एक तक्रार नेहमी ऐकू येते : "नवी बॅटरी घातली, एक हंगामसुद्धा निघाला नाही." दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. पुष्कळदा कंपनीचा दोष नसतो. आपण एका बॅटरीकडून दोन वेगळी कामं करून घेतो, तिथं ती मरते. म्हणून बॅटरी घेण्याआधी तिचं काम नीट समजून घेऊ.

सेल्फची बॅटरी आणि दिव्याची बॅटरी

बैलाचंच बघा. शर्यतीचा बैल घटकाभर जीव तोडून पळतो, पण त्याला दिवसभर नांगराला जुंपलं तर तो बसतो. नांगराचा बैल सावकाश चालतो, पण दिवस काढतो. बॅटरीतही अशाच दोन जाती आहेत.

ट्रॅक्टरला असते ती सेल्फची बॅटरी. तिच्यात शिशाच्या पातळ प्लेटा पुष्कळ असतात. त्यामुळे दोन-चार सेकंदांत मोठा प्रवाह मिळतो आणि इंजिन फिरतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर खर्च झालेलं लगेच भरून काढतो. ही बॅटरी नेहमी भरलेली राहावी, अशाच बेतानं ती बनवलेली असते.

घरच्या इन्व्हर्टरला किंवा सोलरला लागते ती ट्यूब्युलर बॅटरी. तिच्या प्लेटा जाड, नळीच्या आकाराच्या असतात. ती थोडा प्रवाह तासन् तास देते आणि पुन्हा पुन्हा उतरली तरी सेल्फच्या बॅटरीपेक्षा पुष्कळ टिकते.

हिशेब करून बघा

समजा, सेल्फ मारताना स्टार्टर ३०० अँपिअर ओढतो आणि इंजिन ४ सेकंदांत सुरू होतं. प्रवाह मोठा, पण वेळ थोडा. खर्च झाला फक्त एक-तृतीयांश अँपिअर-तास.

आता ५५ वॅटचा एक फोकस घ्या. १२ व्होल्टवर तो साधारण ४.६ अँपिअर घेतो. इंजिन बंद ठेवून तो ८ तास जळला तर ३७ अँपिअर-तास गेले. म्हणजे एका रात्रीचा एक फोकस शंभरावर वेळा सेल्फ मारण्याइतकी वीज पितो! ८० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी झाली. पहाटे थंडीनं इंजिनचं तेल घट्ट झालेलं असतं, बॅटरीचा जोरही थंडीत कमी पडतो. सेल्फ नुसता 'टक्' करतो. भरलेल्या ट्रॉल्या जागेवर, आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरचा नंबर हुकतो.

बरं, नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. उतरलेली बॅटरी तशीच पडली तर प्लेटांवर शिशाचा पांढरा कडक थर धरतो. तो थर पुढे चार्जिंगनं पुरता निघत नाही. असं वरचेवर झालं की बॅटरी दर वेळी थोडी थोडी लहान होत जाते.

आणखी दोन शत्रू : हादरा आणि उष्णता

उसाच्या सरीतून, खड्ड्यांच्या गाडीवाटेनं ट्रॅक्टर चालतो. बॅटरी पेटीत सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याला ती आपटते. प्लेटांवरचा मसाला गळतो, तळाशी गाळ साठतो आणि दोन प्लेटा एकमेकींना जोडल्या जातात. तो खण मेला की १२ व्होल्टची बॅटरी १० व्होल्टवर येते.

दुसरी उष्णता. बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणून इंजिनच्या उष्णतेपासून बचाव करणारा पत्रा असेल तर तो काढून टाकू नका.

दुकानात काय बघावं?

१. माप : ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेल्या अँपिअर-तासांपेक्षा कमी घेऊ नका. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरना ७५ ते १०० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. पेटीत नीट बसेल आणि धन-ऋण टोकं योग्य बाजूला येतील, हेही बघा. वायर ताणून जोडावी लागता कामा नये.

२. सेल्फचा जोर : बॅटरीवर 'सीसीए' असा अंक असतो. शून्याखाली १८ अंश थंडीत ३० सेकंद ती किती अँपिअर देते, त्याचं हे माप. तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही, पण दोन बॅटऱ्यांची ताकद ताडून बघायला हा अंक उपयोगी पडतो.

३. वजन : एकाच जातीच्या आणि सारख्या मापाच्या दोन बॅटऱ्या असतील तर हातात घेऊन बघा. जड बॅटरीत शिसं जास्त असण्याचा संभव असतो.

४. तारीख : बॅटरी कधी बनली ते दुकानदाराला विचारा आणि खूण दाखवायला सांगा. सहा-सहा महिने फळीवर पडून राहिलेली भरलेली बॅटरी आपोआप उतरते. मीटर लावून १२.५ व्होल्टच्या वर दाखवत असेल तरच घ्या.

५. हादरा सोसणारी जात : ट्रॅक्टर किंवा अवजड वाहनासाठी म्हणून बनवलेलीच बॅटरी घ्या. मोटारगाडीची बॅटरी स्वस्त मिळाली म्हणून बसवू नका. 'एजीएम' नावाच्या बॅटरीत आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं. ती हादरा चांगला सोसते आणि सांडत नाही, पण महाग असते. उष्णता आणि जादा चार्जिंग तिला सोसत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा चार्जिंगचा दाब तपासल्याशिवाय ती बसवू नये.

६. हमीपत्र : तारीख आणि शिक्का घालूनच घ्या. पक्की पावती मागा. उघडून पुन्हा भरलेली जुनी बॅटरी स्वस्त वाटते, पण फडावर तिचा भरवसा धरता येत नाही.

मुक्कामासाठी दुसरी बॅटरी

आता मुख्य सल्ला. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फलाच राखा. कोपीच्या दिव्यांसाठी एक लहान, वेगळी बॅटरी ठेवा. किती मोठी? हिशेब असा :

- ५ वॅटचे ४ एलईडी दिवे, रोज ६ तास : १२० वॅट-तास.
- ६ मोबाईल, प्रत्येकी साधारण १५ वॅट-तास : ९० वॅट-तास.

एकूण २१० वॅट-तास. त्याला १२ नं भागा, म्हणजे साडेसतरा अँपिअर-तास झाले. बॅटरी टिकायची तर निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये. म्हणून ४० अँपिअर-तासांची लहान ट्यूब्युलर बॅटरी पुरते. तिला ७५ ते १०० वॅटचा सोलर पट्टा आणि मधे चार्ज कंट्रोलर जोडला की हंगामातल्या उन्हावर ती रोज भरते. ट्रॅक्टर फेरीवर गेला तरी कोपीत अंधार होत नाही.

लिथियमची बॅटरी हलकी असते आणि जास्त वेळा उतरवता येते, पण किंमत जास्त पडते. घेतलीत तर आतलं संरक्षक सर्किट आणि तिच्यासाठीच बनवलेला चार्जर असलेलीच घ्या.

ही दुसरी बॅटरी ट्रॅक्टरवरून चार्ज करायची असेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मधे आयसोलेटर बसवून घ्या. त्यामुळे इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या आपोआप अलग होतात. जुनी आणि नवी बॅटरी नुसत्या वायरनं एकमेकींना जोडू नका, जुनी नवीला खाते.

बसवणी आणि निगा

बॅटरीखाली रबराची चकती घाला आणि वरची पट्टी पक्की आवळा, पण खोकं पिचेल इतकी नको. दर आठवड्याला पट्टी हलते का ते बघा.

झाकणाची बॅटरी असेल तर पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटा बुडून वर साधारण एक सेंटिमीटर पाणी हवं, किंवा खुणेपर्यंत हवं. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला. विहिरीचं किंवा बोअरचं नको, आणि आम्ल तर मुळीच घालू नका.

टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन पुसा, घट्ट जोडा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. झाकणाच्या बॅटरीत सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका.

साधा मीटर जवळ ठेवा. इंजिन बंद करून काही तासांनी मोजलं तर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. कमी दिसलं तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघा. नवी बॅटरी आणून हा दोष जाणार नाही.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मधे अर्धा मिनिट तरी विसावा द्या.

जिवाची काळजी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी मिळाली की बॅटरी फुटते आणि आम्ल तोंडावर उडतं. म्हणून बॅटरीपाशी बिडी-काडी नको. सोडताना आधी ऋण टोक सोडा, जोडताना ते शेवटी जोडा.

बॅटरी कोपीत झोपायच्या जागी ठेवू नका. ती बाहेर, सावलीला, लेकरांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. आणि दिव्याची वायर बॅटरीला थेट गुंडाळू नका. पाचट-चटईच्या कोपीत ती वायर घासून आतल्या तारा एकमेकींना टेकल्या, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर लाल होते आणि कोपी पेटायला वेळ लागत नाही. धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज घाला. थोड्या रुपयांचा फ्यूज आहे, पण आत माणसं झोपलेली असतात.

आम्ल डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

बाद झालेली बॅटरी फोडू नका, आम्ल रानात ओतू नका. शिसं विषारी आहे, माती-पाण्यात उतरलं की निघत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही ती इतर कचऱ्यात टाकायची नसते. नवी घेताना दुकानदाराकडे जुनी जमा करा, किमतीत तेवढी सूटही मागा.

थोडक्यात

- सेल्फची बॅटरी सेल्फलाच, दिव्यांना दुसरी.
- माप पुस्तकाप्रमाणे, तारीख ताजी, पावती पक्की.
- पट्टी आवळलेली, टोकं स्वच्छ, पाणी डिस्टिल्ड.
- इंजिन बंद तर फोकस बंद.
- फ्यूजशिवाय वायर नाही.

ट्रॅक्टर फडावर निघण्याच्या आठ दिवस आधी बॅटरी गॅरेजमध्ये तपासून घ्या. घराजवळ दुरुस्ती सोपी असते, फडावर तिच्यासाठी दिवस मोडतो.