नवेगावबांध : दोन दिवस एकाच तळ्याला द्या

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला हिवाळी शनिवार-रविवार काढायचा, तर बेत सफारीभोवती न आखता तलावाभोवती आखावा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी डोंगरांमधली जागा हेरून बांधलेला हा जलाशय राष्ट्रीय उद्यानाचा प्राण आहे. उद्यान १९७५ साली घोषित झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघ दिसणे नशिबावर असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून येणारी बदके मात्र पाण्यावर सकाळभर असतात. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचनंतर मावळतो. त्यामुळे दोन्ही पहाटा तलावाकाठी मिळतील असा मुक्काम ठेवणे शहाणपणाचे.

नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या ठिकाणी आलोच आहोत, तर नागझिराही उरकावा, असे कुणी म्हणेल. पण दिवस लहान असताना दोन जंगले जोडली, तर उजेडाचे नेमके तास रस्त्यावर जातात. मुलांना नुसते तळे कंटाळवाणे वाटेल, ही शंका रास्त आहे. एक दुर्बीण आणि मराठी पक्षिपुस्तक सोबत असले की ती बरीचशी मिटते. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच परिसरात राहून पक्षी अभ्यासले, तेही संयमाने. पहाटेसाठी स्वेटर-कानटोपी घ्या, वनविभागाचे आरक्षण व प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वी तपासा आणि काठावर आवाज टाळा.