वाडीचे संस्थान आणि डिचोलीचे धर्मजीवन

मुळगावची केळबाई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी होत, असे लोकपरंपरा मानते. हे नाते समजून घ्यावयाचे, तर डिचोली महालाचा राजकीय इतिहास पाहिला पाहिजे.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. डिचोली मात्र आदिलशाहीत राहिली. म्हणूनच दिवाडीवरील देवालय उद्ध्वस्त झाल्यावर सप्तकोटेश्वराला नदीपलीकडे नार्व्यात आश्रय मिळाला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला.

हा आश्रय केवळ हिंदूंनाच मिळाला असे नव्हे. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो यांचा बिशप म्हणून अभिषेक रोममध्ये १६३७ साली झाला; परंतु गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने त्यांना मान्यता नाकारली. तेव्हा त्यांनी आपले ठाणे डिचोलीतच मांडले.

पुढे हा मुलूख वाडीकर सावंत-भोसल्यांकडे आला. बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडून हे लहान संस्थान क्षीण होत गेले. १७८१-८२ मध्ये डिचोली व सत्तरी आणि १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांच्या हाती आले. परंतु रयतेचा धर्म व रूढी अबाधित राखण्याचे वचन देऊनच. त्यामुळे या नव्या काबिजादीत देवस्थाने आपल्या जागी राहिली आणि ख्रिस्ती वस्ती विरळ राहिली.

तात्पर्य, जुन्या काबिजादीचा इतिहास येथे सरसकट लावू नये. ज्या भूमीने छळातून निसटलेल्या देवाला आणि नाकारलेल्या बिशपालाही थारा दिला, तेथे सुवार्ता सांगणाऱ्याची वाणी प्रथम कृतज्ञ असावी.