आधी माप, मग डायल
हौसेने घड्याळ बांधणाऱ्यांचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुटे भाग जमवून स्वतःचं यांत्रिक घड्याळ बांधणाऱ्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा एकच मशीन दिसतं: सेइकोचं एनएच३५. स्वयंचलित, २४ ज्वेलचं, तासाला २१,६०० ठोक्यांचं, पूर्ण किल्ली भरली की साधारण ४१ तास चालणारं. इतकं खपणारं मशीन असल्याने त्याच्यासाठी डायलही हव्या त्या रंगात मिळतात, आणि घोळ इथेच होतो. डायल आपण रंग बघून पसंत करतो, मापं मात्र पार्सल उघडल्यावर आठवतात. डायल हा घड्याळाचा चेहरा खराच, पण त्याआधी ती एक सुटा भाग आहे, आणि सुट्या भागाला माप असतं.

गैरसमज: व्यास जुळला की डायल बसली.
वस्तुस्थिती: व्यास जुळावा लागतो तो केसशी, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाशी. एनएच३५चा व्यास २७.४ मिमी, तर त्याच्यासाठीच्या बहुतेक डायल २८.५ मिमीच्या असतात. मशीनवर डायल धरून ठेवतात ते तिच्या पाठीवरचे सुईसारखे बारीक पाय. सेइको, ईटीए, मियोता या प्रत्येकाच्या मशीनात पायांची छिद्रं वेगळ्या जागी असतात. तारखेची खिडकीही मध्यापासून सगळीकडे सारख्या अंतरावर नसते. म्हणून ईटीए २८२४ची डायल मापाला बरोबर वाटली, तरी एनएच३५वर तिचे पाय छिद्रांत उतरत नाहीत.

गैरसमज: डायलला चार पाय आहेत, म्हणजे चारही हवेत.
वस्तुस्थिती: चार पाय म्हणजे दोन जोड्या. एक जोडी चावी (वेळ लावायचं बाजूचं बोंड) तीनच्या जागी असलेल्या केससाठी, दुसरी चावी चारच्या जवळ असलेल्या केससाठी. आपल्या केसला लागणारी जोडी ठेवायची, उरलेली मुळापासून कापून कानशीने साफ करायची. पहिलं घड्याळ बांधताना मी नेमकी नको ती जोडी ठेवली, आणि चांगली निळी डायल वाया गेली. तेव्हापासून मशीन केसमध्ये धरून, बारा कुठे येतात ते पाहून डायलच्या पाठीवर पेन्सिलने खूण करतो, मगच कटर उचलतो. चारजवळ चावी असलेल्या केसमध्ये मशीन थोडं फिरून बसतं. त्यामुळे तारखेचा आकडा खिडकीच्या मध्यावर येतो का, तेही आधीच तपासावं. अशा केससाठी वेगळ्या छपाईची तारखेची चकती मिळते.

गैरसमज: पाय तुटले तर थेंबभर गोंद पुरतो.
वस्तुस्थिती: झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ डायलवर पांढरट धुरकटपणा सोडते, आणि पसरलेला थेंब तारखेची चकती जाम करतो. डाख देऊन पाय जोडायला गेलं, तर उष्णतेने पुढचा रंग फुगतो. डायलसाठी मिळणारे पातळ, दोन्ही बाजूंनी चिकटणारे ठिपके चालतात, पण ते फक्त मशीनच्या न फिरणाऱ्या कडेवर लावायचे.

गैरसमज: काटे कुठलेही चालतात, दाबले की बसतात.
वस्तुस्थिती: एनएच३५ला तास काट्याचं छिद्र १.५० मिमी, मिनिटाचं ०.९०, सेकंदाचं ०.२० लागतं. ईटीए २८२४ला तास आणि मिनिट तेच, पण सेकंद ०.२५. फरक अवघा ०.०५ मिमीचा, तरी ईटीएचा सेकंद काटा एनएच३५वर सैल पडतो.
काटे बसवण्याची वेळही ठरलेली असते. डायल बसली की चावी सावकाश पुढे फिरवत राहायचं. खिडकीतली तारीख पूर्ण पालटली की तिथेच थांबायचं. मशीनची मध्यरात्र तीच. तास आणि मिनिट काटा बारावर बसवायचा तो त्या क्षणी, मग सेकंद काटा. त्यानंतर मशीन डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहावं. डायल आणि तास काटा, तास आणि मिनिट, मिनिट आणि सेकंद यांच्यामधून उजेडाच्या तीन फटी स्वच्छ दिसल्या पाहिजेत. चावीने पूर्ण बारा तास फिरवूनही त्या तशाच राहिल्या, तर काटे एकमेकांना अडणार नाहीत. दगडी डायल जाड असते, त्यामुळे काट्यांना वर जागा कमी उरते. ती घेताना हे आधी मोजावं.

गैरसमज: तारखेची खिडकी नसलेली डायल एनएच३५ला चालत नाही.
वस्तुस्थिती: चालते. फक्त आत तारीख बदलत राहते आणि चावीला एक रिकामा टप्पा उरतो. तो नको असेल तर तारीख नसलेलं एनएच३८ घ्यावं.

गैरसमज: डायल बदलली की वेळ चुकते.
वस्तुस्थिती: वेळेचा संबंध मशीनशी. एनएच३५साठी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद ही कारखान्यानेच दिलेली मर्यादा आहे. उघड्या मशीनात गेलेली धूळ आणि कपड्याचा धागा मात्र खरंच नडतात. केस पुन्हा बंद केल्यावर पाणी लागण्याआधी दाबचाचणी करून घ्यावी.

गैरसमज: भडक रंगाची जुनी एचएमटी म्हणजे दुर्मीळ नग.
वस्तुस्थिती: बेंगळुरूत १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळं सुरू झाली. २०१६ साली हा व्यवसाय बंद करायचा निर्णय झाला. जुन्या मशीनांवर नव्याने रंगवलेल्या डायल लावून विकलेली घड्याळं बाजारात इतकी आहेत, की संग्राहकांत त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच पडलंय. एचएमटीने कधी न काढलेल्या रंगांतली ‘पायलट’ मॉडेलंही त्यात दिसतात. भिंगातून पाहिलं तर वेड्यावाकड्या मिनिटरेषा आणि काट्यांच्या छिद्राभोवती चढलेला रंग ओळखू येतो. डायल रंगवणं हा दोष नाही, ते लपवून विकणं हा आहे. दुसऱ्याचं बोधचिन्ह खोटं छापणं तर ट्रेड मार्क्स कायदा, १९९९नुसार गुन्हा आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. आपण बांधलेल्या घड्याळावर कोरी डायल किंवा आपलं नाव, दोन्ही छान दिसतात.

मागणी नोंदवण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: मशीनचं पूर्ण नाव, चावीची जागा, केसमध्ये मावणारा डायलचा व्यास, आणि तारखेची खिडकी हवी की नको. ही चार उत्तरं हातात असली, की मग रंग मनसोक्त निवडा.